फुरसतीचा हिशेब

रविवारची सकाळ हा मराठी ललित लेखकांचा फार जुना मित्र. उशिरापर्यंत लोळणं, दुसरा चहा, पुरवण्या वाटून घेताना होणारी झटापट, कांदेपोहे, बाजारातून आणलेलं मटण किंवा बांगडे आणि दुपारची ती जड झोप, यांवर आपल्याकडे इतकं लिहिलं गेलंय की त्याचा वेगळा खंड काढता येईल. या लिखाणात रविवार पावसासारखा आपोआप येतो. तो तसा आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत १८९० पर्यंत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

रोजच्या जगण्यातल्या लहानसहान सुखांवरचं मराठी लेखन एका ठिकाणी आणावं, एवढ्या साध्या हेतूनं या संग्रहाचं काम सुरू झालं. निवड करताना मात्र एक गोष्ट पुन्हापुन्हा खुपू लागली. या सुखांबद्दल आपण बोलतो ते स्वभाव सांगितल्यासारखं: अमका समाधानी, तमका रसिक, तो तिसरा जन्माचा रडका. पण सुख घ्यायला आधी वेळ लागतो, टेकायला जागा लागते आणि ‘इथे का बसलास?’ असं कोणी हटकणार नाही याची खात्री लागते. मग लागते नजर. स्वभावाची पाळी त्यानंतर. लहान सुखांचा इतिहास हा पुष्कळ अंशी फुरसत कोणाच्या वाट्याला आली याचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे. या विषयात नव्यानं शिरणाऱ्या वाचकाला ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची सगळी निवड त्यातूनच झाली आहे.

आनंद मोजून पाहायचा आपल्याकडचा जुना प्रयत्न तैत्तिरीय उपनिषदात आहे. ब्रह्मानंदवल्लीत आनंदाचं माप ठरवलंय. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस आणि धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची: हा एक मानुष आनंद. तिथून शंभरपटीच्या पायऱ्या गंधर्व, पितर, देव, इंद्र, बृहस्पती अशा थेट ब्रह्मापर्यंत चढत जातात. मधल्या पायऱ्यांवर असंही बजावलंय की वासनेनं न ग्रासलेल्या श्रोत्रियाला तोच आनंद बसल्या जागी मिळतो. कल्पना भव्य आहे. पण अख्खी पृथ्वी हाताशी आल्याशिवाय जिथे मोजणीलाच सुरुवात होत नाही, तिथे तव्यावरून थेट ताटात पडलेल्या भाकरीची नोंद कुठल्या रकान्यात करायची? मराठीनं हे माप लवकरच खाली आणलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं, त्यात चक्रधरस्वामींचं तत्त्वज्ञान जितकं आहे तितकंच त्यांचं उठणं-बसणं, हिंडणं आणि जेवणखाणही आहे. सावता माळ्यांना तर विठ्ठल भेटायला मळा सोडून जावंच लागलं नाही.

यापुढचा टप्पा बहुतेक प्रस्तावनांत दोन ओळींत उरकला जातो. मला तिथे रेंगाळायचं आहे. जात्यावरच्या ओव्यांना ‘लोकसाहित्य’ म्हणून वेगळ्या कपाटात ठेवायची आपली सवय आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला, आणि हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी तर गावोगावच्या सहकाऱ्यांच्या मदतीनं लाखावर ओव्या नोंदवल्या. त्या वाचताना माझं फुरसतीचं गणित डळमळतं, हे कबूल करायला हवं. पहाटे उठून घरादाराचं पीठ काढणाऱ्या बाईला कसली फुरसत? तरीही भावाची वाट पाहणं, पंढरीची वाट, लेकराचं बोबडं बोलणं, नवं लुगडं, अंगणातली तुळस अशा बारीक सुखांचा एवढा मोठा साठा मराठीत दुसरीकडे नाही. हात जात्याच्या खुंट्याला जखडलेले, पण तोंड मोकळं. आणि त्या वेळी घरातलं कोणी जागं नाही, म्हणजे ऐकून टोकणारंही कोणी नाही. पहाटेचा तो अंधार हीच तिची खासगी खोली. कामातून वेळ काढून नव्हे, कामाच्या आत बसून घेतलेलं हे सुख आहे, आणि त्याच ओव्यांत सासुरवासाचं दुःखही दळलं जातं. विजेची गिरणी आली तेव्हा बायांचे खांदे सुटले. त्याबरोबर पहाटेची ती तासाभराची मोकळीकही गेली. गिरणी आली ते चांगलंच झालं. पण एका कष्टाबरोबर एक सुखही जाऊ शकतं, हे विसरलं की गतकाळाबद्दलचं लिखाण उगाच गोडमिट्ट होतं.

जगाच्या इतर भाषांत या लेखनाच्या परंपरा जुन्या आणि भरघोस आहेत. जपानी दरबारातल्या सेइ शोनागोननं सुमारे हजार वर्षांपूर्वी आवडत्या-नावडत्या गोष्टींच्या याद्या करून ठेवल्या. सतराव्या शतकातला चिनी टीकाकार जिन शंगतान मित्रासोबत दहा दिवस पावसानं देवळात अडकला, तेव्हा दोघांनी मिळून आनंदाच्या तेहतीस क्षणांची यादी केली. लिन युतांगच्या १९३७ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. पावसानं अडकून पडलेल्या माणसांनी रिकामपणी यादी करत बसावं, हे कोकणातल्या कोणालाही समजावून सांगायला नको. युरोपात माँटेन, मग चार्ल्स लँब, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे गार्डिनर, लिंड, ल्यूकस अशी वाट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात अजून रेशनिंग चालू असताना जे. बी. प्रीस्टलीनं छोट्या आनंदांचंच एक आख्खं पुस्तक लिहिलं, १९४९ मध्ये. टंचाईत हा विषय जास्त फुलतो की काय, असं कधीकधी वाटतं.

मराठी लघुनिबंध जन्मला तो मात्र टंचाईत नव्हे, नव्यानं आलेल्या सुस्थितीत. १९२६–२७ च्या सुमारास ना. सी. फडके ‘रत्नाकर’ मासिकातून आणि वि. स. खांडेकर सावंतवाडीच्या ‘वैनतेय’मधून असं काही लिहू लागले, जे व्याख्यान नव्हतं, उपदेश नव्हता आणि विनोदी लेखही नव्हता. विनोदाची वाट श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये आधीच घालून दिली होती. तिथे लेखक लोकांच्या खोडी काढत होता. इथे तो स्वतःच्याच सवयींकडे कौतुकानं पाहत होता. फडक्यांची ‘गुजगोष्टी’ १९३३ मध्ये, अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’ १९३४ मध्ये, खांडेकरांची ‘वायुलहरी’ १९३६ मध्ये आली, आणि दहाएक वर्षांत हा प्रकार इतका रुळला की मासिकांना त्याशिवाय चैन पडेना. बाहेरचं हवामानही जुळून आलं होतं. पगारी नोकरी होती, घड्याळ होतं, म्हणून घड्याळाबाहेरचा वेळही होता. चाळीत का होईना, बसायची खुर्ची होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली होती, तेव्हा असलं वाचायची सवय असलेला वाचकही तयार होता.

या तिघांना तीन घराणी म्हणता येईल. फडके तंत्राचे भोक्ते: एखादी क्षुल्लक वस्तू घ्यायची, तिच्याबद्दल लोकमताच्या उलट विधान करायचं, आठवणींच्या दोन गिरक्या घ्यायच्या आणि शेवटी वाचकाला हसतहसत दाराशी आणून सोडायचं. खांडेकरांना वस्तूपेक्षा तिच्यावरून सुचणारा विचार प्यारा. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारा हा माणूस लहान सुखाला फार वेळ लहान राहू देत नाही. तो त्याचं तात्पर्य काढतो. काणेकर या दोघांपेक्षा तिरकस. गोडव्यात त्यांची जीभ फार वेळ रमत नाही, म्हणूनच आज ते सगळ्यांत ताजे वाटतात. माझा कौल अर्थातच काणेकरांना आहे, पण फडक्यांची आजकाल होते तितकी टवाळी करणंही बरोबर नाही. विषय क्षुल्लक असला तरी वाक्य क्षुल्लक चालणार नाही, ही शिस्त त्यांनीच लावली. पुढे त्यांच्या साच्यात ओतून शेकड्यांनी निबंध निघाले आणि साचा झिजला.

त्याच दिवसांत, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळीनं पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं प्याली. तळं सर्वांना खुलं असल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ मध्येच झाला होता. कागदावर खुल्या असलेल्या पाण्यापर्यंत पोचायला तीन वर्षं आणि एक सत्याग्रह लागला, आणि पाणी प्यायल्याबद्दल माणसांना मारही खावा लागला. मार्चअखेरच्या उन्हात ओंजळभर पाणी, याहून लहान सुख कुठलं असेल? गुजगोष्टींचं जग आणि हे जग तेव्हा एकमेकांना खेटून होतं, पण एकमेकांशी बोलत नव्हतं. लघुनिबंधकारांना यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा माझा इरादा नाही. त्यांनी जे पाहिलं ते नीट पाहिलं. पण या संग्रहात त्यांच्या शेजारी कोणाला बसवायचं, हे मात्र महाडनं ठरवलं.

साचा मोडला तो साधारण स्वातंत्र्याच्या आगेमागे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’मध्ये (१९४९) समाजशास्त्रज्ञाची नजर घरात शिरली. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) चैत्रापासून बारा महिन्यांचा निसर्ग असा पाहिला की ‘मला काय वाटलं’ हा लघुनिबंधाचा लाडका प्रश्न मागे पडला आणि ‘तिथे काय होतं’ हा पुढे आला. पालवीचा रंग नेमका कसा, मोहोर कधी गळतो, एवढं अचूक बघणं हेच तिथलं सुख. विंदा करंदीकरांनी ‘स्पर्शाची पालवी’मध्ये (१९५८) कवीची इंद्रियं आणि प्राध्यापकाची तर्कबुद्धी एकाच गाडीला जुंपली. श्रीनिवास कुलकर्णी यांच्या ‘डोह’मध्ये (१९६५) कृष्णाकाठचं बालपण आहे, तिथे विचार असा वेगळा काढून दाखवताच येत नाही, तो पाण्यात विरघळलेला आहे. ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’ यांनी या लेखनाला जी जागा आणि जो संपादकीय धाक दिला, त्याशिवाय हे घडलं नसतं. तिकडे मधुकर केचे वऱ्हाडातून लिहीत होते, बा. भ. बोरकरांचं गद्य गोव्याच्या मातीचा वास घेऊन येत होतं, आणि पु. ल. देशपांडे ‘माझे खाद्यजीवन’सारख्या लेखातून लघुनिबंधाची गंभीर मुद्रा हसवून उतरवत होते.

स्त्रियांच्या लेखनाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण ते बऱ्याचदा ‘निबंध’ या नावाखाली आलंच नाही. ते आत्मचरित्रांत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, म्हणजे ऐन लघुनिबंधाच्या बहरात. घरात पैसा टिकत नाही, नवरा कधी काय करील याचा नेम नाही, आणि बाई मात्र प्रसंगामागून प्रसंग मजेत सांगते आहे. फडक्यांचा निवांतपणा तिला कधी मिळाला नाही, पण मजा ओळखण्यात ती त्यांना हार जात नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढ महिन्याचं वर्णन आहे. एरवीच्या उपाशी वर्षात महारवाड्याला मिळणारा तेवढाच सणाचा काळ: घरं सारवली जातात, अंगाला तेल लागतं, बाया एकमेकींच्या दारी बसतात. ते वर्णन आनंदाचं आहे यात शंका नाही. पण बाकीचे अकरा महिने कसे असतील, हे त्या आनंदावरूनच कळतं. सुखाच्या वर्णनातून अभाव इतका स्पष्ट दाखवणारं लेखन मराठीत थोडं आहे.

जेवणाचंही तसंच. मराठी पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे: लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापांनी ‘रुचिरा’ने नव्यानं संसार मांडणाऱ्या कित्येक जणींना आणि परदेशी गेलेल्या मुलांना तारलं. दुर्गाबाईंनी ‘खमंग’मध्ये चव आणि विद्वत्ता एका पातेल्यात शिजवली. आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकात काय होतं, काय नव्हतं, तेल-तूप नसताना चव कशी आणली जायची, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा टिकवल्या जायच्या, हे त्यात लाज किंवा अभिनिवेश न बाळगता लिहिलं आहे. ते वाचल्यावर ‘मराठी माणसाचं साधं सुख म्हणजे वरणभात-तूप’ असली वाक्यं बिनदिक्कत लिहिता येत नाहीत.

जाता जाता: आपल्याला जी सुखं परंपरेनं आलेली वाटतात ती पुष्कळदा नवी असतात. चहा पिण्याची सवय भारतभर लावण्यासाठी मळेवाल्यांच्या निधीतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीर प्रचार झाला. ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आजोबांच्या काळातला म्हणून ज्याचे गोडवे गायचे, तो अमृततुल्य चहाही त्यांच्या आजोबांना ठाऊक नसावा. सुखांना वय नसतं असं लिहायचा मोह होतो. त्यांना चांगलं नोंदवता येण्यासारखं वय असतं.

मग आत्ताच हा संग्रह का? कारण लहान सुखांचा सध्या मोठा बाजार भरला आहे. मानसशास्त्रात याबद्दल गंभीर काम झालंय. ब्रिकमन आणि कॅम्बेल यांनी १९७१ मध्ये मांडलं की माणूस सुखाला सरावतो आणि पुन्हा होता तिथेच येतो. ब्रायंट आणि व्हेरॉफ यांनी सुख चाखत-रेंगाळत कसं घ्यायचं याचा अभ्यास २००७ मध्ये पुस्तकरूपात दिला. त्यातलं बरंच पटण्यासारखं आहे. पण तिथून ते प्रेरणादायी भाषणांत, मोबाइलवरच्या सुविचारांत आणि कंपन्यांच्या कार्यशाळांत उतरतं तेव्हा त्यातला वेळ गळून पडतो आणि नुसता सल्ला उरतो. बारा तासांची पाळी करून लोकलनं दोन तास प्रवास करणाऱ्याला ‘क्षण जगा’ म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या थकव्याचं खापर त्याच्याच माथी फोडणं. दुसरीकडे, ज्यांना वेळ आहे त्यांचं लक्ष फोननं तुकड्यातुकड्यांत विकत घेतलं आहे. वाफाळत्या कपाचा फोटो आधी, घोट मागाहून. १८९० मध्ये वेळ मागावा लागला होता. आता मिळालेला वेळ हातात धरून ठेवावा लागतो, आणि ज्यांना तो अजून मिळालेला नाही त्यांची संख्याही कमी नाही.

म्हणून या पुस्तकात लेखांची मांडणी कालक्रमानं केलेली नाही. ती प्रहरांनुसार आहे: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांजा, रात्र. त्यामुळे फडक्यांच्या शेजारी ओव्या येतात, दुर्गाबाईंच्या शेजारी गिरणगावातल्या खानावळीची आठवण येते, आणि एकाच दुपारीत एकाची वामकुक्षी आणि दुसरीचं भर उन्हातलं खुरपणं समोरासमोर उभं राहतं. हे शेजार काही ठिकाणी खटकतील. ते खटकावेत अशाच बेतानं लावले आहेत, पण कोणताही लेख दुसऱ्याला खोटा पाडण्यासाठी निवडलेला नाही. प्रत्येक लेखाला एकच कसोटी लावली: लेखकानं ती वस्तू, ती चव, तो आवाज खरोखर पाहिला-चाखला-ऐकला आहे की केवळ ‘साध्या गोष्टींतला आनंद’ या कल्पनेवर तो खूश आहे? दुसऱ्या प्रकारचे लेख, काही मोठ्या नावांचे असूनही, बाहेर ठेवले. निसर्गवर्णनं आणि प्रवासवर्णनं मुद्दाम थोडी घेतली आहेत, कारण त्यांचे स्वतंत्र संग्रह आहेत आणि सुट्टीवर गेलेल्या माणसाचं सुख तसं सोपं असतं. मंगळवारच्या दुपारचं अवघड. लेखांचं शुद्धलेखन मूळ छपाईप्रमाणे राहू दिलं आहे. १९६२ च्या नियमांआधीचे अनुस्वार पाहून तरुण वाचकांनी दचकू नये.

उणिवा आहेत. रात्रपाळीच्या परिचारिका, घरोघर खाणं पोचवणारी मुलं, उसाच्या फडावर मुक्काम टाकणाऱ्या टोळ्या, परराज्यांतून येऊन आता मराठी बोलू लागलेले बांधकाम मजूर, यांच्या दिवसातल्या लहान सुखांवर त्यांनी स्वतः लिहिलेलं मला फारच थोडं मिळालं. त्यांच्यावर लिहिलेलं पुष्कळ मिळालं. ते बहुतेक करुणेनं ओथंबलेलं होतं, आणि त्यात त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते घेतलं नाही. शेवटच्या विभागात रात्रीचे लेख सगळ्यांत कमी आहेत, ते याच कारणानं. दुसरी आवृत्ती निघाली तर वाढवायची जागा तीच आहे.